चावडीम्होरं सोडलेली गाडी

लिही गं बाय. माझी सासू बनुबाई सुईण हुती. गावाभाईर कैकाड्यांची वस्ती. तितं दुसरी सुईण पाय ठेवायची न्हाई, ही हक्कानं जायाची. लोकं नावं ठेवायची, तर म्हणायची, "ठेवा की, तुमची पोरंबी ह्याच हातानं काडलीत."

तवा इंग्रजानं कैकाड्यांची समदी जातच चोर ठरवलेली. गड्यांनी रोज चावडीवर हजेरी द्यायची, पाटलाच्या दाखल्याबिगर कुणीच गाव सोडायचं न्हाई. सोडलं की तुरुंग.

एकदा गुंडा कैकाड्याची बायको अडली, मूल आडवं. सासू म्हणली, "ह्ये माझ्या हातचं न्हाई, कोरेगावच्या दवाखान्यात न्हेऊया." गुंडा दाखला मागाय पळाला. पाटील म्हणलं, "सांजच्या हजेरीला ये, मग बघू."

सासूनं आमची बैलगाडी जुपली, बाईला निजवलं, मला उशाला बसवलं नि गाडी थेट चावडीम्होरं सोडली. बाई वरडाय लागली. गाव गोळा झालं.

"बनुबाय, हितं काय मांडलंस गं?"

"आवं पाटील, सांजपातूर हजेरीबी हुईल नि बाळंतपणबी. तेवढं पाणी तापवाय सांगा मालकिणीला."

पाटलीणबाई दारातच हुती. तिची पोरंबी सासूच्याच हातची. ती कडाडली, "द्या की वं दाखला, का जीव जायची वाट बघताय?"

पाटलानं तितंच दाखला लिवून दिला. गुंडानं बैलं परत जुपली नि कासरा धरला. कोरेगावात पोरगी झाली, मायलेकी दोगी वाचल्या.

त्याच्याफुडं वस्तीत कुणी अडलं, की सासू आदी गाडी चावडीम्होरं उभी करायची, मग दाखला मागायची.