चढून राहिली

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, पचमढीजवळच्या चौरागडाच्या माथ्यावर नायक वामन ढोबळे याच्या नावाचा त्रिशूळ उभा करण्यात आला. त्रिशूळ लोखंडी, उंची पाच फूट, वजन सात किलो. नवस पंचवीस वर्षांपूर्वी बोललेला होता.

वामन नागपूरजवळच्या खाप्याचा. गजानन घोरमाडे सावनेरचा. मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा, लग्नानंतर नागपूरकर. तिघे एकाच इन्फंट्री कंपनीत होतो. मी कंपनीचा सेट सांभाळायचो, म्हणजे रेडिओ ऑपरेटर. वामन आणि गजानन एकाच सेक्शनमध्ये. मला दोघेही नावाने हाक मारत नसत. मी ‘सातारा’ होतो. गजाननसाठी अजूनही आहे.

मूल सुखरूप झालं तर चौरागडावर स्वतः त्रिशूळ नेईन, असा वामनचा नवस होता. मुलगी झाली. पुढच्या सुट्टीत त्याने खाप्याच्या लोहाराकडून त्रिशूळ करून घेतला. सुट्टी संपली, म्हणून चढाई पुढच्या वर्षावर गेली. त्या वर्षी वामन राहिला नाही. त्रिशूळ घरात दाराआड उभा होता. दर दसऱ्याला वामनच्या पत्नी, शोभावहिनी, त्याला तेल लावत.

या नोव्हेंबरात डॉक्टरांनी वहिनींना डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. तारीख जानेवारीची ठरली. त्यांनी गजाननला फोन केला.

“भाऊजी, गुडघा अजून माहाच आहे, तं चढून घेते. मंग हे लोक लोखंडाचा बसवून देतील.”

अटी त्यांनीच घातल्या. डोली नाही. शेवटच्या दहा पायऱ्या त्रिशूळ त्यांच्या खांद्यावर. त्या वर पोचल्या नाहीत, तर त्रिशूळ परत खाप्याला.

गजाननने बेत दोन शिखरांचा आखला. सकाळी चौरागड, संध्याकाळी धूपगडावर सूर्यास्त. मी एकच अट वाढवली. दुपारी दोनपर्यंत माथा गाठला नाही, तर जो जिथे असेल तिथून परत फिरायचं. साडेपाचनंतर जंगलात अंधार होतो.

शुक्रवारी दुपारी नागपूर सोडलं. गाडी रूपालीने चालवली. वामनची ही मुलगी नागपुरात शाळेत शिकवते. सावनेरला गजानन चढला. सोबत स्वतःच्या बागेतल्या संत्र्यांची अर्धी बोरी.

“काका, आपण चौघं आहो. बाकीचे कळमन्याच्या बाजारात पाठवा,” रूपाली म्हणाली.

“तुह्या बापाले इतके एकट्याले लागत होते.”

शनिवारी ०८:३० ला महादेव गुंफेपासून चालायला सुरुवात केली. मोबाइलला रेंज नव्हती. गजाननने दोन छोटे वॉकी-टॉकी आणले होते, लायसन्स न लागणारे. एक त्याने ठेवला, एक मला दिला. तो वहिनी आणि रूपालीबरोबर मागे राहणार होता. मी त्रिशूळ घेऊन पुढे जायचं, वर जागा बघायची आणि थांबायचं, असं ठरलं.

पायवाट आधी जंगलातून जाते, मग पायऱ्या लागतात. पायऱ्या तेराशेच्या आसपास. सात किलो पहिल्या शंभर पायऱ्यांत जाणवत नाहीत. सहाशेव्या पायरीवर खांदा बदलला. आठशेवीवर एका माकडाने संत्रं नेलं. त्यानंतर मोजणी चुकली. ११:२५ ला माथ्यावर पोचलो. हवा स्वच्छ होती. समोर धूपगड दिसत होता. माथ्यावर लोकांनी वाहिलेल्या त्रिशुळांची गर्दी होती. पूर्वेच्या बाजूला आमच्या त्रिशुळापुरती जागा होती.

११:४० ला सेट वाजला. मध्ये डोंगर असल्याने आवाज तुटत होता.

“सातारा... वहिनी... राहिली... ओव्हर.”

“पुन्हा सांग. ओव्हर.”

“वहिनी... न राहिली...”

पुढे फक्त खरखर. तीनदा बोलावलं. उत्तर नाही.

नागपुरात मी एकोणीस वर्षं काढली आहेत. घरात रोज ‘करून राहिली’, ‘येऊन राहिला’ ऐकतो, म्हणजे करते आहे, येतो आहे. पण तुटक आवाजात कान कोरेगावचाच झाला. कोरेगावात ‘राहिली’ म्हणजे मागे राहिली.

वहिनींची अट मला पाठ होती. त्रिशूळ खांद्यावर घेतला आणि ११:४८ ला उतरायला लागलो.

सुमारे साडेसहाशे पायऱ्या उतरलो. एका वळणावर लिंबू-सरबतवाल्याचा बाक होता. बाकावर वहिनी. हातात ग्लास. शेजारी रूपाली. गजानन संत्रं सोलत उभा. वेळ १२:१५.

वहिनींनी आधी त्रिशुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काहून उतरून राहिले, भाऊजी? वरतं जागा नाही का?”

“तुम्ही राहिलात असं कळलं.”

“कोन म्हनलं?”

मी गजाननकडे पाहिलं. गजानन म्हणाला, “अबे, वहिनी चढून राहिली म्हनलं मी! चढून! दोनदा सांगतलं तुले!”

“मला ‘राहिली’ एवढंच आलं.”

“तं मंग काय समजला तू?”

मी काय समजलो ते सांगितलं. रूपाली खाली बसली आणि हसायला लागली. सरबतवालाही हसला. त्याला मराठी येत नव्हतं. वहिनींनी ग्लास बाकावर ठेवला आणि पदराआड हसून घेतलं.

“थाळीवाला सातारा तुम्हीच ना, भाऊजी?” त्यांनी शेवटी विचारलं.

मला संदर्भ लागला नाही. त्यांनी सांगितला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वामन ओपीवर होता. ओपी म्हणजे कड्यावरची टेहळणीची जागा, आमच्या पोस्टच्या बरीच वर. सेटवर हिंदी बोलायचा नियम होता. आम्ही दोघेच असलो की मराठी बोलायचो. त्या दिवशी मी विचारलं, जेवणाचं काय? खरखरीतून उत्तर आलं. मी ऐकलं ते असं : ‘जेवायचा राहिलो.’ लंगर, म्हणजे पोस्टचं स्वयंपाकघर, बंद झाला होता. वर बदलीला जाणाऱ्या जवानाबरोबर मी माझी थाळी पाठवली. पुरी, बटाट्याची भाजी, खीर. मी शक्करपारे खाऊन झोपलो. वामनने सेटवर आभार मानले. पुढे कधी हा विषय निघाला नाही.

“त्याइनं मले चिठ्ठीत लिवलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हनलं जेवून राहिलो, अन् साताऱ्यानं आपली थाळी पाठवून देली. पहिली संपली नव्हती तं दुसरी आली. खीर दोन्हीत होती.”

“दोन्ही खाल्ल्या?”

“चाटून पुसून. सांगू नोको म्हने त्याले, नाही तं पुढच्या वेळी पाठवनार नाही.”

गजानन बाकाला धरून हसत होता. “वामननं मलेई नाही सांगतलं बे! दोन खिरी!”

१२:३० ला चौघे निघालो. आता एकत्र. वहिनींचा गुडघा सुजला होता. एक वाजता साडेचारशे पायऱ्या उरल्या होत्या. गजाननने दहा-दहाची पद्धत लावली. दहा पायऱ्या, अर्धा मिनिट उभं राहायचं. तो ड्रिल हवालदाराच्या आवाजात मोजत होता आणि ‘दहा’ला ‘थम’ म्हणत होता. शेजारून उतरणारी एक शाळेची सहल त्याच्याबरोबर मोजायला लागली.

१३:३५ ला वहिनी बसल्या. नव्वद पायऱ्या उरल्या होत्या. रूपालीने गुडघ्याला पट्टा बांधला.

“आई, बस झालं आता. वापस जाऊ.”

“किती वाजले, भाऊजी?”

“एक छत्तीस.”

“दोनले चोवीस मिनिटं आहेत. वेळ तुम्हीच ठरवला ना?”

“हो.”

“मंग बसून राहायले सांगू नोका.”

१३:४१ ला त्या उठल्या. आता पाच-पाचची मोजणी. शेवटच्या दहा पायऱ्यांपाशी मी त्रिशूळ त्यांच्या उजव्या खांद्यावर दिला. डावीकडून रूपालीने दंड धरला. गजाननने इथे मोजलं नाही. १३:५७ ला वहिनी माथ्यावर होत्या.

त्यांनी गजाननच्या हातातला सेट मागितला. बटण कोणतं ते विचारलं. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

“सातारा, वहिनी चढून राहिली होती. आता चढली. आयकू आलं का? ओव्हर.”

माझ्या कमरेच्या सेटमधून सगळं स्वच्छ आलं.

“रॉजर,” मी म्हणालो.

धूपगड रद्द झाला. “याचे दोन शिखरं झाले,” गजाननने जाहीर केलं. “एकच शिखर दोनदा चढला. हिशोब बरोबर.” आम्ही तिथेच भाकरी, झुणका आणि उरलेली संत्री खाल्ली. वहिनींनी पाचवा वाटा काढला आणि त्रिशुळापाशी ठेवला. तो माकडांनी नेला. रूपाली म्हणाली, दुसरी थाळी पाठवायची का? पुन्हा सगळे हसले.

त्रिशुळाच्या दांड्यावर लोहाराने त्या वेळीच नाव कोरलं होतं. तेलामुळे अक्षरं स्पष्ट होती.

वामन गेला त्या दिवशी पेट्रोलिंग पार्टी परत येत होती. पाच जण. सेट वामनकडे होता. ०५:५० ला त्याचा निरोप आला : “येऊन राहिलो. ओव्हर.” हा मी नीट ऐकला. लॉगमध्ये ‘रिटर्निंग’ लिहिलं आणि रॉजर दिला. ०६:०५ ला फायरिंग सुरू झालं. ०७:४० ला चार जण चालत पोस्टवर आले. वामनला त्यांनी उचलून आणलं होतं. स्ट्रेचरचं पुढचं टोक गजाननच्या खांद्यावर होतं.

चौरागडावरून १४:४० ला उतरायला सुरुवात केली. गजानन पुढे, मी मागे. १७:०५ ला महादेव गुंफेपाशी पोचलो. गजाननने माणसं मोजली. चार वर गेले होते, चार खाली आले.