कवळीवाल्याची सून

लग्न ठरलं तेव्हा तिला एवढंच माहीत होतं, की सासरे दात करतात. माहेरी त्यावरून थट्टा चालायची. "तिकडे जपून हास गं," धाकटी बहीण म्हणायची, "नाहीतर माप घेतील."

नवरा दिसायला देखणा आणि जिभेवर साखर. एका मित्राला भेटून येतो म्हणून गेला तो गेलाच. पुढे कुणाकडून तरी कळलं, की दुसऱ्या गावी आहे, आणि एकटा नाही. मुलगी तेव्हा जेमतेम रांगत होती.

सासू आधीच वारलेली.  एका सकाळी सासऱ्यांनी तिच्यापुढे जुना ॲप्रन टाकला.

"सूनबाई, रडून झालं असेल तर खाली ये."

"बाबा, मला त्यातलं काय येतंय?"

"त्यालाही येत नव्हतं. पण त्याला शिकायचंही नव्हतं."

खाली म्हणजे घराखालचा कारखाना. एक लांबट खोली, खिडकीशी टेबल, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. दातांचे डॉक्टर हिरड्यांचं माप घेऊन पाठवत. त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, त्यावर मेणात दात बसवायचे, डॉक्टरांनी ते तोंडात घालून पाहिले की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवायचं, मग घासूनपुसून कवळी तयार. सांगायला चार वाक्यं. शिकायला तिची उमेदीची वर्षं गेली.

सुरुवातीला नुसतं प्लास्टर. बुडबुडा राहिला की सासरे जबडा उचलून बादलीत टाकत, बोलतसुद्धा नसत. मेणापर्यंत पोचली तेव्हा बोलू लागले, ते न बोलण्यापेक्षा वाईट. "हे दात आहेत की कुंपण?" "साठीच्या बाईला सोळा वर्षांचे दात लावलेस. नवरा ओळखेल का तिला?" ती रात्री अंथरुणात रडायची आणि सकाळी पुन्हा स्टुलावर बसायची. हळूहळू तिला दिसायला लागलं. पुढचा एक दात केसभर फिरवला की कवळी खरी वाटते. ओठाला आतून आधार मिळाला की माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. सासरे तिचं काम उजेडात धरायचे आणि काही न बोलता खाली ठेवायचे. तीच शाबासकी.

मग त्यांचा हात कापू लागला. आधी चहाच्या कपाशी, मग मेणाच्या सुरीशी. दोघांपैकी कुणीच त्याबद्दल बोललं नाही. बारीक काम तिच्याकडे आलं, नंतर सगळंच आलं. सासरे कवळ्या डब्यात घालून डॉक्टरांकडे पोचवायचे आणि घरी येऊन सांगायचे, "आज डॉक्टर म्हणाले, बाबा, तुमच्या हाताला तोड नाही." तिला हसू यायचं. म्हाताऱ्याची लाज आपण राखतोय, याचं तिला समाधान वाटायचं.

मुलगी शाळेत बऱ्याच वरच्या वर्गात गेली होती, तेव्हा एका दुपारी नवरा दारात उभा राहिला. पोट सुटलेलं, हसू तेच. सासऱ्यांनी कापऱ्या हातांनी त्याला कवटाळलं आणि ढसाढसा रडले. एवढे तर तो गेला तेव्हाही रडले नव्हते.

"झालं गेलं सोडून द्यायचं," रात्री जेवताना ते म्हणाले. "आता हा बाहेरचं सगळं बघेल."

महिन्याभरात दारावर नवी पाटी लागली. सासऱ्यांचं नाव, पुढे 'आणि चिरंजीव'. ती हातातला जबडा घेऊन तशीच बाहेर आली.

"बाबा, मी?"

"तू घरचीच आहेस की. घरच्या माणसाचं नाव कुणी पाटीवर घालतं का?"

"मग हे बाहेरचे आहेत का?"

सासरे आत निघून गेले. नवरा शिडी धरून उभा होता. "उगाच तमाशा नको," तो म्हणाला. अगदी गोड आवाजात.

तिनं मुलीला घेतलं आणि चष्म्याच्या दुकानामागची एक खोली भाड्यानं घेतली. कामासाठी डॉक्टरांकडे गेली, तर पहिलाच म्हणाला, "तुम्ही तिथे प्लास्टर कालवायचात ना?"

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? बाबाच सांगायचे. सून आहे हाताखाली, प्लास्टर कालवते."

 ती तिथून पुढच्या डॉक्टरांकडे गेली. तिथेही तेच ऐकलं.

शेवटी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी कुणाच्याच हातून न जमलेलं एक काम तिला दिलं. हिरडी पार झिजलेली, कवळी बोलताना निसटायची. तिची बसली. मग दुसरं काम आलं, तिसरं आलं. तिकडे 'आणि चिरंजीव'च्या कवळ्या परत येऊ लागल्या. काही वर्षांत खोलीचे दोन मजले झाले, हाताखाली माणसं आली, मशीनं आली, शिकाऊ मुलींपुढे बोलायला तिला बोलावणी येऊ लागली. मुलगी शिकायला परगावी गेली. संध्याकाळी माणसं घरी गेली की ती उगाच मशीनं पुसत बसायची.

एक दिवस सासरे आले. काठी टेकत, धापा टाकत. कारखान्यावरून नजर फिरवली.

"त्याला तुझ्याकडे घे," ते म्हणाले. "शिकव त्याला."

"शिकायचं होतं तेव्हा तुम्ही होतात की."

"माझ्याच्यानं झालं नाही."

"माझ्याच्यानंही होणार नाही. बाबा, मी प्लास्टर कालवते असं का सांगितलंत?"

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "माझा हात गेला हे कळलं असतं तर काम गेलं असतं."

"आणि मी गेले ते?"

"तू कुठे गेलीस? तू तर वर आलीस."

तिनं त्यांच्यासाठी रिक्षा मागवली. नवऱ्याला ठेवून घेतलं नाही.

त्याच वर्षी सासरे गेले. भेटायला डॉक्टर आले, जुने शेजारी आले. "कला गेली हो त्यांच्याबरोबर," म्हणत सगळे नवऱ्याचा हात हातात घेत होते, आणि तो डोळे टिपत मान हलवत होता. ती भिंतीशी बसली होती. परगावाहून आलेली मुलगी तिच्या कानाशी वाकली.

"आई, तू गप्प का? बोल ना काहीतरी."

"काय बोलू? त्यांनीच शिकवलं मला. इतकं चांगलं दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं," ती म्हणाली. "तेवढंच अजून गिळता येत नाही."