रिकाम्या टाकीतलं स्वगत

पडदा उघडतो तेव्हा रंगमंचावर गर्दी नसते. धक्क्याला लागलेली एक बुटकी, करडी बोट, डेकच्या मधोमध एक गोल भोक आणि त्यात उतरणारी लोखंडी शिडी. शिडीच्या पहिल्या पायरीवर, कमरेला दोर बांधून, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. बोटीवर त्याला सगळे पंपवालाच म्हणत.

बोट आरमाराची तेलवाली. बावीस वर्षं किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडून तिनं मोठ्या लढाऊ जहाजांना तेल पाजलं. स्वतः एक गोळी कधी झाडली नाही. पंपवाला तिच्यावर पहिल्या दिवसापासून.

"भरल्या टाकीला भ्यायचं नाही, दादा," तो सांगायचा. "रिकामीला भ्यायचं. गाळ खरवडला की वाफ सुटते. माणूस बसतो तो बसतोच."

म्हणून आत उतरणाऱ्यानं सतत मोठ्यानं बोलत राहायचं. आवाज थांबला की वरच्यानं दोर ओढायचा. विचारत बसायचं नाही. पंपवाल्याला गाणं येत नव्हतं; मी नाटकात राजा करायचो, त्या राजाचं स्वगत तो म्हणायचा. बावीस वर्षं तेच.

त्या दिवशी शेवटची सफाई होती, मग बोट भंगारात. घरच्यांना बघायला येऊ दिलं होतं. दोर धरणारा खलाशी मला म्हणाला, "भाषण तुमचंच ना? मग धरा. मी टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्याचं बघून येतो."

खालून राजा गरजू लागला. शब्द निम्मे चुकीचे, पण टाकीत आवाज काय घुमत होता! मी खुशीत ऐकत राहिलो.

"हे सिंहासन मी मागितलं नव्हतं," तो म्हणाला आणि थांबला.

तिथं मीही नेहमी अडखळायचो. नाटकातल्या जन्माच्या सवयीनं मी भोकावर वाकलो आणि पुढची ओळ पुरवली, "पण आता सोडणारही नाही." पुन्हा पुरवली, जरा मोठ्यानं. खालून माझेच शब्द परत आले. खरवडणंही थांबलं होतं.

मग उमगलं. दोर ओढला तर हलेना. मी ओरडलो, खलाशी धावत आला, दोघांनी जीव खाऊन ओढलं. आधी डोकं वर आलं, एका बाजूला लोंबणारं. ओठ जांभळे. खलाशी त्याची छाती दाबू लागला. बहीण धक्क्यावर पाठमोरी उभी होती, कुणाशी तरी हसत बोलत. ती वळू नये, एवढंच मी मागत होतो.

खोकला आला. आणखी एक. त्यानं डोळे उघडले, मला ओळखायला त्याला वेळ लागला.

"ओळ येत होती, दादा," तो म्हणाला. "श्वास येत नव्हता."