बुरकुंडाची साखर

माझ्याइतकी हुशार बाई आमच्या कॉलेजात दुसरी नाय, असं मीच सांगत फिरायची. आता ऐका, त्या हुशारीनं काय दिवे लावले!

संभाजीनगरच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेची झाडलोट करते, काचेची भांडी धुते. शाळा चौथीपर्यंत, पण भांड्यावर डाग दिसला तर माझं नाव बदला. तिथं पिशोर गावची वैशाली पीएचडी करते. मक्याचे दाणे काढल्यावर उरलेली बुरकुंडं आपण चुलीत घालतो ना? ही पोर त्यांची साखर करते. म्हणाली, त्याला उत्प्रेरक लागतो. मी मान डोलावली. तो दिसतो कसा, हे कोण विचारतंय?

त्या दिवशी दुपारी तिचे सर साखर बघायला येणार होते. पटलं तरच काम पुढं, नाय तर पुन्हा पहिल्यापासून. पोर सकाळपासून उपाशी. म्हणलं, निदान भांडी तरी लख्ख देऊ. साबण संपलेला. पण टेबलावर ताटलीत मऊशार राख वाळत होती. काळी असंना, राख ती राख! काथ्या घेतला अन् अशी घासली भांडी, की तोंड बघावं.

वैशालीनं भांड्यांकडं बघितलंच नाय. "मावशी, ताटलीतली पूड?"

"राख व्हय? संपली. उद्या घरून डबाभर आणते."

पोर रिकामी ताटली उलटीपालटी करून बघायला लागली. उत्प्रेरक तो हाच! बनवायला तीन आठवडे लागले होते. पण माझं तोंड गप बसतंय का? "चिठ्ठी लावायला काय झालं होतं?" म्हणून तिलाच दटावलं.

नशिबानं धुतलेलं पाणी बादलीत होतं. पूड विरघळत नाय, गाळून परत वापरता येते, म्हणत ती गाळायचा कागद आणायला पळाली. मला कुठला दम? पिशवीतलं माझं फडकं काढलं, बादली गाळली, फडकं पिळलं अन् ती परत येताच पूड तिच्या हातात ठेवली. तिनं ती घाईघाईनं वाळवून बुरकुंडाच्या भुग्यात घातली.

सर आले. साखर मोजायच्या मशीनवर रेघ पार आभाळाला टेकली! सर खूश. मी कशाला मागं राहू? "माझ्या हाताचा गुण हाय, सर. पूड मी गाळली."

सर वाकून बघत राहिले. "वैशाली, ही बुरकुंडाची साखर नाही. रेघ भलत्याच जागी आली आहे, ही तर किराणा दुकानातली." मग माझ्याकडं वळले. "कशानं गाळली?"

मी फडकं पुढं केलं. रोज सगळ्यांचा चहा त्यातूनच तर गाळते. सरांनी ते हुंगलं.

"मावशी, यात आलंही आहे."

वैशालीनं पूड नीट धुऊन संध्याकाळी पुन्हा प्रयोग केला. साखर निघाली. थोडी, पण बुरकुंडाचीच. सरांनी काम पुढं न्यायला सांगितलं.

आता त्या ताटलीवर चिठ्ठी असते, 'ही राख नाही'. अन् सरांचा हुकूम हाय, रोज सकाळी मावशीनं ती मोठ्यानं वाचायची, मगच चहा ठेवायचा.