सोनाबाईंच्या अन्ननलिकेतली गाठ

परळच्या हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर होते. वॉर्डात किस्से साठतच जातात. पेशंट बरा होऊन घरी जातो, त्याचं बोलणं मात्र तिथंच राहतं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, तेव्हा नायगावच्या बीडीडी चाळीतली सोनाबाई आमच्याकडं आली. तिचंच किती साठलंय बघा.

सोनाबाई गिरणीत कामाला. दोन वर्षं तिचा घास छातीत अडकत होता. शेवटी नुसत्या पेजेवर आली. एक्स-रेसाठी तिला बेरियमचं पांढरं दाट औषध प्यायला दिलं. टेक्निशियन सारखा म्हणे, "बाई, गिळा. पटकन गिळा."

"पटकन गिळता आलं असतं, तर तुझ्याकडं कशाला आले असते?"

*

आधीच्या एका डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याजवळ कॅन्सरची शंका बोलून दाखवली होती. आमच्या वॉर्डच्या सर्जन सरांनी एक्स-रे पाहिला, घशातून दुर्बीण घातली. अन्ननलिकेचं आतलं अस्तर गुळगुळीत, शाबूत. ज्युनिअर डॉक्टर तपासणीसाठी तुकडा काढायला निघाला, तर सरांनी त्याला थांबवलं. "अस्तराला जखम झाली, तर गाठ नंतर अलगद सुटणार नाही."

मग नवरा-बायकोला समोर बसवून सर म्हणाले, "ही स्नायूतली साधी गाठ दिसतेय. क्वचितच होते. कॅन्सर वाटत नाही."

नवऱ्याला रडू फुटलं. सोनाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "म्हणजे तुम्हालाही तीच भीती होती? मला वाटलं, मीच तुमच्यापासून लपवतेय."

*

सरांनी तिला ऑपरेशन समजावलं. बरगड्यांमधून आत जायचं, स्नायू बाजूला करायचा, अस्तर न फाडता गाठ सोडवायची. सोनाबाईनं ते सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "फणसाच्या गऱ्यातली आठळी काढणार. गरा ठेवणार."

मग सरांनाच विचारलं, "असली किती केलीत?"

"एकही नाही. तुमचं पहिलं."

मी मनात म्हटलं, आता ही उठून घरी जाणार.

"मग सावकाश करा," ती म्हणाली. "मीही पहिल्यांदाच कापून घेतेय."

*

ऑपरेशनच्या दिवशी नेमका बंद. बस नाही, टॅक्सी नाही. सर गिरगावातून चालत आले, घामानं निथळत. सोनाबाईनं त्यांना आपल्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"सिस्टर, आधी ह्यांना चहा द्या. दमलेल्या हाताखाली मी जाणार नाही."

सर अर्धा तास बसले. चहा प्याले, शांत झाले, मग हात धुवायला गेले. गाठ लिंबाएवढी निघाली. अस्तराला ओरखडाही नव्हता.

*

वर्षभरानं सोनाबाई तपासणीला आली. चांगली भरली होती. गाठ पाहायची म्हणाली, म्हणून सरांनी मेडिकल कॉलेजच्या म्युझियममधली त्या गाठीची बरणी दाखवली. तिनं बरणीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. चाळीतल्या बायकांच्या वर्गात नुकतीच लिहा-वाचायला शिकली होती.

"स्त्री, वय चाळीस. एवढंच? नाव कुठाय माझं?"

"नाव लिहीत नाहीत, सोनाबाई. नियमात बसत नाही."

"ही गाठ माझ्या छातीत तरी कुठं बसत होती?"

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.