दवाखान्यातली लाल पावलं

"ओ बाई! ओल्या पेंटवर पाय दिला ना?"

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात ओरडलो. मी काढलेल्या लाल पावलांच्या रांगेशेजारी एक लाल डाग पडला होता. हातभर पुढे आणखी एक. समोर पन्नाशीची एक बाई अनवाणी उभी होती. वालूरच्या कौसाबाई. शुगरच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. आठ दिवसांनी त्यांची ऊसतोडीची टोळी निघणार होती.

"न्हाई ओ भाऊ," त्या घाबरून म्हणाल्या, "लक्ष्मीच्या पावलावर कोन पाय देईल? मी तर कडंकडंनं आले."

लक्ष्मी ऐकून माझं डोकं आणखीनच सणकलं.

मी मानवतचा पेंटर. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि काम आटलं. त्यामुळे डॉक्टर मॅडमनी बोलावल्यावर लगेच गेलो. मॅडम म्हणाल्या, "भिंतीवर लिहिलेलं कोणी वाचत नाही. शुगरबद्दल असं काही काढा, की न वाचता कळलं पाहिजे."

मग त्यांनी मला समजावलं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते, मग बोट कापावं लागतं, कधी कधी पायच. म्हणून अशा माणसाने अनवाणी चालायचंच नाही. माझ्या वडिलांचा पाय असाच गेला. मला फार सांगावं लागलं नाही.

दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म कापून मी साचे केले. फाटकापासून शुगर तपासायच्या खोलीपर्यंत सिग्नल रेड ऑइल पेंटने पावलं उमटवली. पहिल्या पावलाला पाच बोटं, मग चार, मग तीन. दारातल्या शेवटच्या पावलाला एकही नाही. शनिवारी काम संपलं. लय झकास जमलंय, असं मला वाटलं. सोमवारी लोकांची वाहवा ऐकायला मुद्दाम आलो.

लोकांनी फाटकातच चपला काढल्या. लाल पावलं, तीही दाराकडे चाललेली! महालक्ष्म्यांच्या सणाला घरोघर अशीच पावलं काढतात. आमच्या घरी हा सण नसतो, पण जन्म इथंच गेला माझा, कळायला नको? बोटं कोणी मोजलीच नाहीत. एका आजीने तर वाकून नमस्कार केला.

मॅडम बाहेर आल्या आणि चपलांचा ढीग बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "पेंटर, चपला घाला म्हणून सांगायचं होतं. तुम्ही दवाखान्याचं देऊळ केलं!"

त्यात तो डाग दिसला. वड्याचं तेल वांग्यावर, तसा सगळा राग कौसाबाईंवर निघाला.

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुसायला बसलो. ऑइल पेंट टर्पेंटाइनने निघतो, पाण्याने निघत नाही. इथे डाग नुसता फरकटला. मग डोक्यात आलं, शनिवारचा पेंट सोमवारी ओला कसा राहील? पाण्याचं फडकं फिरवलं, तर डाग साफ निघाला. हा पेंट नव्हता, रक्त होतं.

"बाई, पाय दाखवा."

"का वो? काय झालं?"

"आधी बाकड्यावर बसा आणि पाय वर करा!"

तळव्याला भोक पडलं होतं. भोवती सूज, आत पू. सिस्टर धावत आल्या. त्यांनी फाटकातली कौसाबाईंची रबरी चप्पल आणून वाकवली. बाभळीचा काटा तळातून आरपार वर आलेला.

"मावशी, कवाचा हाय हा काटा?"

"कोन्ता काटा?" कौसाबाईंनी आम्हालाच विचारलं.

मॅडमनी जखम धुतली आणि स्पष्टच सांगितलं, "अशाच फडात गेलात तर पाय हातचा जाईल." कौसाबाई रडायला लागल्या. टोळीत नाव दिलेलं, नवरा एकटा काय करणार? सिस्टर त्यांच्याशेजारी बसल्या. "मावशी, टोळी पुढच्या साली बी निघंल. पाय दुसऱ्यांदा उगवत न्हाई."

कौसाबाई टोळीबरोबर न जाता गावातच थांबल्या. ड्रेसिंगसाठी एसटीने येत राहिल्या. तेवढ्या दिवसांत मी सगळी पावलं खरवडून काढली आणि त्या जागी निळ्या चपलांचे जोड रंगवले. दारावर एकच ओळ लिहिली: आधी चपलेत हात, मग पाय. आता लोक चपला घालूनच आत येतात. काही जण चपला खरंच झटकून, हाताने चाचपून बघतात.

हुरड्याच्या दिवसांत कौसाबाई पिशवीभर हुरडा घेऊन आल्या. पायात बंद चप्पल होती, जखम भरली होती, पाचही बोटं जागेवर होती.

"भाऊ, तुमी वरडलात म्हनून पाय ऱ्हायला."

वडिलांच्या वेळी कोणी ओरडलं नव्हतं. मी मॅडमचा, सिस्टरचा ऋणी आहेच, पण त्या फसलेल्या चित्राचाही आहे. त्या पावलांमुळे फाटकात चप्पल निघाली नसती, तर रक्त फरशीवर दिसलं नसतं आणि काटा सगळा सीझन तसाच राहिला असता.

ओल्या पेंटवर कोणी पाय दिला की मी अजूनही ओरडतो. फक्त आता आधी तळवा बघतो.