दाजींनी उघडलेली दारं

दाजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सोलापुरात शाळेवर होतो. धरणावरचा शिपाई टोपी हातात घेऊन वर्गाच्या दाराशी उभा होता. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. नदीवरच्या धरणाचे ते ओव्हरसियर. हसायला लागले की पोट धरून खालीच बसायचे. एका पावसाळ्यानंतर मात्र ते तसे कधी हसले नाहीत.

त्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडेच राहायला होतो. वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता, पाणी धरणाच्या काठाला टेकत होतं. दारं उघडली की नदीकाठची वस्ती बुडणार, म्हणून दाजींनी सकाळीच तिथली माणसं टेकावरच्या देवळात हलवली. दुपारी त्यांतली म्हातारी गंगव्वा त्यांच्यापुढं आली. "सायेब, वासरू ऱ्हायलंय की खुट्याला. सोडून येते."

"जा, पण लगेच फिर माघारी," दाजी म्हणाले. दारं उघडायची वेळ तोवर आली नव्हती.

ती उतरून गेली आणि धरणाच्या मातीच्या भरावाला भेग पडली. बघता बघता भेगेतून गढूळ पाणी यायला लागलं. भराव फुटला असता तर खालची सगळी गावं गेली असती. "सायेब, दारं उघडा! बांध ऱ्हात न्हाय!" मुकादम ओरडला. दाजींनी गंगव्वाच्या मागं एक गडी पळवला आणि वस्तीकडं डोळे लावून उभे राहिले... भरावाचा एक लचका पाण्यात कोसळला, तेव्हा त्यांनी दारांचं चाक स्वतः धरलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

गावं वाचली. गडी अर्ध्या वाटेतून पळत परतला. वासरू गळ्यातल्या दाव्यासकट टेकावर आलं. म्हणजे गंगव्वानं ते सोडलं होतं. ती दुसऱ्या दिवशी बाभळीला अडकलेली सापडली.

चौकशीला आलेल्या गोऱ्या साहेबानं दाजींची पाठ थोपटली. दाजी मला घेऊन गंगव्वाच्या मुलाकडं, मल्लप्पाकडं गेले. "ती खाली आहे हे ठाऊक असून मी दारं उघडली," त्यांनी सांगून टाकलं. मल्लप्पा म्हणाला, "दारं उघडलीत ते कळतंय. जा कशाला म्हणलात?"

पुढं कितीदा मी त्यांची समजूत घालायला गेलो. "दारांचं नाही रे," ते म्हणायचे, "मी जा म्हणालो."

परवा ताईला आणायला धरणावर गेलो, तेव्हा मल्लप्पा भेटला. पाणी सोडायच्या आधी दाजी दरसाल स्वतः वस्तीत यायचे, हे मला त्याच्याकडून कळलं. आधी गोठ्यांतली जनावरं सोडायला लावायचे, मग माणसं हलवायचे. कुणाला मागं फिरायचं कारणच उरू नये म्हणून. शेवटी मल्लप्पाच्या दारात येऊन थांबायचे.

"राग गेला होता का तुझा?" मी विचारलं.

"न्हाई गेला, मास्तर. पर ते दारात आल्याबिगर मी कदी घर सोडलं न्हाई." तो नदीकडं बघत राहिला. "यंदा लई येळ बसलो. मग पोरगं म्हणलं, चला की आता..."